खाटेएवढी गाडी

"हौस हाय, दुसरं काय?"

असं म्हणून नाना डोक्यावरची टोपी उचलायचे, टकलावरून एकदा हात फिरवायचे आणि टोपी पुन्हा होती तिथंच ठेवायचे. एवढं झालं की विषय संपला. पुढं तुम्ही कितीही खोदा, नाना बैलांवर घसरायचे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एखादं वाक्य दाराला कडी लावावी तसं लावतात आणि आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाहीत.

नानांचं खरं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. गाव कडेगावच्या अलीकडचं. थोडा ऊस, थोडं माळरान, मूलबाळ नाही, पुतणे शेजारच्याच घरात. तरुणपणी शर्यतीच्या बैलांचा नाद होता आणि त्या नादापायी लोक त्यांना हसत, हे ते स्वतःच रंगवून सांगायचे. माझं दुकान कराडहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, टायर. लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करण्यात माझी निम्मी हयात गेली, आणि माझा स्वभाव तेवढा तिरका राहिला असं बायको म्हणते.

त्या तिरक्या स्वभावाला सगळ्यात जास्त चीड आहे ती खाली घेतलेल्या गाड्यांची. हल्ली पोरांना हे वेड आहे. चांगल्या धडधाकट गाडीच्या स्प्रिंगा कापायच्या, नाहीतर आखूड बसवायच्या आणि गाडी जमिनीलगत आणायची. दिसते ती रुबाबदार, मी नाही म्हणत नाही. पण गाडी खाली बसली की चाकं माथ्याकडून आत कलतात, शिवाय पुढून थोडी फाकतात, आणि टायर सगळ्या अंगानं टेकायचा सोडून आतल्या कडेवर चालायला लागतो. बाहेरून बघावं तर नक्षी नवीकोरी. आतून हात फिरवला की कड गुळगुळीत, कधीकधी तार बाहेर आलेली. आमच्या धंद्यात म्हणतात, गाडी टायर खाते. पोरं टायर खाऊ घालतात आणि वर मलाच विचारतात, "दादा, टायर डुप्लिकेट दिलावता का?"

अशात एका सकाळी एक जुनी, छोटी, वांगी रंगाची गाडी दारात येऊन थांबली. इतकी खाली, की मला आधी वाटलं स्प्रिंगच तुटली. आता यातून कानात बाळी घातलेलं पोरगं उतरणार, असं मनाशी म्हणून मी सुनवायची तयारी केली. उतरले नाना. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. वय पासष्टीच्या पुढं. माझ्या मेकॅनिकनं तोंड फिरवून हसून घेतलं.

"कुनी घेतली हो ही खाली?" मी विचारलं.

"सांगलीत घेतली करून."

"पण कशापायी?"

तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "हौस हाय, दुसरं काय?"

पुढचे दोन्ही टायर आतून खाल्लेले होते, डावा जरा जास्तच. मी अलाइनमेंट करून दिली आणि रिवाजाप्रमाणे चार शब्द ऐकवले. म्हटलं, नाना, जुन्या स्प्रिंगा घाला आणि गाडी वर घ्या, नाहीतर हे नाकापेक्षा मोती जड व्हायचं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बैलाच्या खुराला लोखंडी पत्री मारत्यात, तशी टायराला मारता ईत न्हाई का?" ते चेष्टेनं विचारत होते की खरंच, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

नानांचं गाडी चालवणं ही आमच्या रस्त्यावरची करमणूक होती. इंडिकेटरवर त्यांचा विश्वास नव्हता. उजवीकडं वळायचं असलं की अख्खा हात खिडकीबाहेर. गतिरोधक आला की गाडी आडवी घालायची आणि एकेक चाक चढवत, एकेक उतरवत पलीकडं जायचं, म्हणजे पोट घासत नाही. मागं एसटी, उसाचे ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, सगळे हॉर्न मारतायत. नाना तोच हात बाहेर काढून 'थांबा' म्हणायचे आणि राहिलेलं चाक सावकाश चढवायचे. गोठ्यात आता बैल उरले नव्हते, त्यामुळं बेंदराच्या सणाला आंघोळ गाडीलाच. तिच्या कपाळाला गुलाल, आरशांना गोंडे, आणि पुरणपोळीचा एक तुकडा बंपरला लावलेला. गावानं त्याला सरळ म्हातारचळ असं नाव दिलं होतं. नाना कुणालाच उलटून बोलले नाहीत.

काही महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. मी पुन्हा सुनावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतरच्या खेपेला काकी बरोबर होत्या. काकी म्हणजे नानांच्या मंडळी. थोराड बांध्याच्या, उंच, कपाळाला ठसठशीत कुंकू, डाव्या सीटवर ताठ बसलेल्या. त्यांच्या हातातली काठी बघितली तसा मी हात द्यायला पुढं झालो. नानांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"ऱ्हाऊ द्या. तिची ती उतरती."

काकींनी दार उघडलं. दोन्ही पाय एकदम बाहेर काढून जमिनीला लावले. काठी रोवली, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरली आणि हळूहळू उभ्या राहिल्या. वेळ लागला, पण कुणाचा हात लागला नाही. उभ्या राहिल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि मला विचारलं, "कुटं बसू?"

त्यांना आत खुर्ची दिली आणि मी माझं पुराण पुन्हा सुरू केलं. गाडी वर घ्या म्हटल्याबरोबर नाना मला जवळजवळ ओढतच बाहेर चहाच्या गाड्यापाशी घेऊन गेले.

"तिच्या म्होरं गाडी उचला म्हनू नगा," ते म्हणाले. आणि त्या दिवशी टोपीला हात न लावता त्यांनी सगळं सांगितलं.

संधिवातानं काकींचे गुडघे आखडले होते. घरची गाडी म्हणजे पुतण्यांची उंच जीप. एका लग्नातून परत निघताना काकींना ती चढता येईना. उशीर होत होता, म्हणून दोघा पुतण्यांनी बगलेत आणि मांड्यांखाली हात घालून त्यांना उचललं आणि सीटवर ठेवलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पदर सुटला, साडी गुडघ्यावर गेली आणि मांडवापुढं उभी असलेली माणसं हसली. काकी घरी आल्या आणि त्यांनी उंबरा ओलांडायचं सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, मिरजेच्या डॉक्टरकडंसुद्धा जाईनात. नाना समजावायला गेले तर म्हणाल्या, "मला उचलायचं ती येकदाच उचला, शेवटचं. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

"मग मी बगत बसलो तिला," नाना म्हणाले. "खाटंवर तिची ती बसती, तिची ती उटती. मग म्हनलं, खाटंएवढी गाडी कुटं मिळती काय?"

अशी गाडी कुठंच मिळत नाही. म्हणून नानांनी बैलाचा जुना कासरा घेतला, खाटेच्या उंचीला त्याला गाठ मारली आणि तो घेऊन सांगली गाठली. एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिथल्या गॅरेजवाल्याला सांगितलं, सीट ह्या गाठीला आली पाहिजे, कशी आणायची ते तुझं तू बघ. त्यानं आणली. त्या दिवसापासून काकी मिरजेला जायला लागल्या, हळदीकुंकवाला जायला लागल्या, आणि येतानाच्या प्रत्येक गतिरोधकावर नवऱ्याला गाडी कशी आडवी घालायची ते शिकवायलाही लागल्या.

"मग गावात हे सांगत का नाही?" मी विचारलं. "लोक तुम्हाला येडं म्हणतात."

"सांगितलं तर समदी तिच्या गुडघ्याकडं बगनार," नाना म्हणाले. "मला हसूंद्यात. मला सवय हाय, बैलांच्या येळंपास्न हसत्यात."

एवढी वर्षं मी चाकं बघतोय, पण गाडी खाली का घेतली असेल याचा दुसरा काही विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या दिवसापासून मी नानांना गाडी वर घ्या म्हटलं नाही. गाडी आहे त्या उंचीला राहू द्यायची आणि चाकं सरळ करायची, हे मी अंगावर घेतलं.

वेगळे बोल्ट बसवून चाकांचा कल काढला, पुढचं फाकणं काढलं. उजवा टायर शहाण्यासारखा वागायला लागला. डावा काही ऐकेना. मग माझ्या लक्षात आलं की मी चाकं सरळ करतो ती मोकळ्या गाडीची, आणि गाडी चालते ती डावीकडं काकींना घेऊन. त्या बसल्या की डावी बाजू आणखी खाली जाते आणि चाक पुन्हा कलतं. तेव्हा अलाइनमेंट करताना काकींनी सीटवर बसायला हवं. पण काकींनी साफ नाही म्हटलं. "खाली पोरं काम करनार आनि मी वर बसनार? जमायचं न्हाई."

मग त्यांच्याएवढं वजन सीटवर ठेवायचं ठरलं. मी नानांना हळूच विचारलं, काकींचं वजन किती. नानांनी आतल्या खुर्चीकडं एक नजर टाकली आणि आवाज उतरवून म्हणाले, "आसंल की पन्नास." दुसऱ्या दिवशी ते कारखान्याकडून सभासदांना मिळणाऱ्या साखरेचं पन्नास किलोचं पोतं घेऊन आले. पोतं डाव्या सीटवर बसवलं, वर पट्टाही लावला, आणि मी चाकं अगदी दोरीत आणून दिली.

तीन महिन्यांत डावा टायर पुन्हा आतून गेला. आता मात्र माझं डोकं फिरलं. मशीन तपासलं, बोल्ट तपासले, मेकॅनिकवर ओरडलो. काकी खुर्चीवरून हा सगळा तमाशा बघत होत्या.

"पोतं किती किलोचं ठेवलंवतं?" त्यांनी विचारलं.

"पन्नास."

"आनि ह्ये कुनी सांगितलं?"

मी नानांकडं बघितलं. नाना छताकडं बघत होते.

"पन्नास मी लग्नात हुते," काकी म्हणाल्या. मग माझ्या मेकॅनिकला म्हणाल्या, "लेकरा, त्या किरानावाल्याकडनं आनि अर्दं पोतं आन. आनि वर पाच-पाच किलोचं दोन धडं ठेव."

"मी म्हनलं, उगं चारचौघांत कशाला..." नाना पुटपुटले.

"आनि टायर फुटल्यावर चारचौघांत काय सांगनार हुता?"

मी हसून हसून बेजार झालो. काकीही हसल्या, पदर तोंडाला लावून. त्या दिवशी दीड पोतं आणि दोन धडे ठेवून केलेली अलाइनमेंट टिकली. डावा टायर सगळ्या अंगानं झिजायला लागला. आमच्या धंद्यात याच्यासारखं सुख नाही. नाना मात्र शेवटपर्यंत, कारखान्यानंच पोत्यात काटा मारला असणार, असं सांगत राहिले.

काकींचं माहेर पाटणच्या पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत. आईवडील कधीच गेलेले, एक भाऊ तेवढा होता, त्यांच्याहून थोरला. गुडघे गेल्यापासून काकींचं माहेर सुटलं, पण भाऊबीज सुटली नव्हती. भाऊच दरवर्षी एसटीनं यायचा. एका पावसाळ्यात तो शेवाळावरून घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवाळीला तो येऊ शकला नाही.

भाऊबिजेनंतर नाना दुकानात आले आणि नुसते बसून राहिले. बैलांचं नाव नाही. मग म्हणाले, "तिनं चांदोबाला ववाळलं."

तुम्हाला माहीत असेल, ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. काकींनी ताट केलं, अंगणात खुर्ची मागितली आणि चंद्राकडं ताट फिरवलं.

"भाऊ जित्ता हाय न्हवं?" नाना म्हणाले. "जित्या भावाची भन चांदोबाला ववाळती. मी बगत उबा हुतो. मला लय वाईट वाटलं."

मी म्हटलं, मग घेऊन जा की त्यांना. नाना म्हणाले, डांबरी रस्ता वाडीच्या खालीच संपतो. पुढं चढ, वर आलेले दगड आणि पावसानं पडलेल्या चाऱ्या. जीप जाते. आपली गाडी पोटावर बसायची. मी म्हटलं, एका दिवसापुरती मी गाडी वर घेऊन देतो, परत आल्यावर खाली करू.

"मग ती चढंल कशी?"

"स्टूल ठेवा."

"घरात ठिवून बगितलं. गुडघा वाकतच न्हाई तेवढा. आनि भावाच्या दारात, समद्या वाडीम्होरं तिला उचलून काडायची? त्यापरीस चांदोबा बरा."

गाडी खाली असली तर माहेर लांब, वर असली तर काकी घरात. मी चाकं सरळ करणारा माणूस, डोंगर सरळ करणारा नव्हे.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाना तोच कासरा घेऊन आले. म्हणाले, पुढच्या दोन चाकांतलं अंतर मोजून द्या, टायराच्या मधापासून मधापर्यंत. मी मोजलं. त्यांनी कासऱ्याला दोन गाठी मारल्या. मग टायरची रुंदी वितीनं मोजली आणि काही वेळ हात तसाच धरून बघत बसले.

"हे कशाला हवंय?" मी विचारलं.

"हौस हाय, दुसरं काय?"

त्यानंतर बरेच दिवस ते फिरकले नाहीत. दिवाळी झाल्यावर आले ते तळहातांना घट्टे पडलेले, एका बोटाचं नख काळं झालेलं, आणि चेहरा नवरदेवासारखा. म्हणाले, "जाऊन आलो पाटनला. भावाला ववाळलं तिनं."

"गाडी घासली नाही?"

"न्हाई. रस्ता उचलला जरा."

नानांच्या तोंडच्या गोष्टी निम्म्यानं घ्यायच्या, हे मला पाठ झालं होतं. जिल्ह्यात कुठंही शर्यत झाली तरी ती त्यांच्याच बैलांनी मारलेली असायची. मीही हसून म्हटलं, "मग आमच्या दुकानापुढचा पण उचला की." ते हसले आणि एका खिलार खोंडाची हकिगत सांगायला लागले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात नाना गेले. मोटर चालू करायला विहिरीवर गेले होते, तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. मी मातीला गेलो. काकी खाटेवर बसल्या होत्या. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि काकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वांगी रंगाची गाडी गोठ्यात उभी होती. कुणीतरी तिच्यावर ताडपत्री टाकली होती.

दिवाळीच्या पाडव्याला काकींचा निरोप आला, गाडीच्या टायरात हवा नाही, बघून जा. हवेसाठी कुणी कराडहून माणूस बोलावत नाही. मी गेलो. पुतण्या तिथंच होता. पोरगं चांगलं आहे, मनानं साधं. मला म्हणाला, "काकीला भाऊबिजंला जायाचंय. मी म्हनतोय जीपनं नेतो, धरून बशीवतो, त्यात काय? ती ऐकंना. आनि ही गाडी मला चालवता येत न्हाई, समदीकडं घासती."

काकी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या, गाडीकडं बघत होत्या. मी टायर चारी बाजूंनी तपासले. मग म्हटलं, "काकी, सकाळी येतो. मला चालवता येते." माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, मी संध्याकाळी येईन.

सकाळी काकी गाडीत बसल्या, त्यांच्या त्याच. मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. वाटेतले गतिरोधक मी नानांसारखे आडवे घालून काढले आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. पाटण सोडलं, डोंगर जवळ आले. वाडीच्या खाली डांबर संपलं आणि मी ब्रेक दाबला. पुढं तांबडा चढ होता, मधोमध चाऱ्या आणि डोकी वर काढलेले दगड. ही गाडी त्यावर गेली असती तर पहिल्याच दगडावर पोटावर बसली असती.

"काकी, हे जमेलसं वाटत नाही."

"खाली बगा की," काकी म्हणाल्या.

मी खाली उतरलो. चढाच्या सुरुवातीपासून गवतात अर्धे दडलेले दोन दगडी पट्टे वर निघाले होते. काळे चपटे दगड शेजारी शेजारी रोवलेले, फटींत खडी ठोकून बसवलेली, प्रत्येक पट्टा टायरला पुरून थोडा उरेल एवढाच रुंद. मधल्या मातीपेक्षा ते चांगले वीतभर उंच होते. मधे गवत वाढलं होतं. एक पावसाळा त्यांच्यावरून गेला होता, तोही पाटणचा, आणि दोन-चार ठिकाणी दगड नव्यानं बसवलेले कळत होते. मी कासऱ्याच्या दोन गाठी आठवल्या. सबंध रस्ता वर घेणं एका माणसाला जमणारं नव्हतं. म्हणून नानांनी चाकांपुरताच वर घेतला होता.

मी गाडीत येऊन बसलो आणि पुढची चाकं पट्ट्यांवर घेतली. चाकं बरोबर मधोमध बसली. मागची त्यांच्या मागून आली. खाली कुठंही काही टेकलं नाही. माझ्या हाताखालून हजारो गाड्या गेल्या, पण एका गाडीसाठी बांधलेल्या रस्त्यावरून मी त्याआधी कधी गेलो नव्हतो.

"दसरा झाल्यावर हितंच येऊन ऱ्हायलं ते," काकी समोर बघत म्हणाल्या. "मला म्हनले, सांगलीला बैलांच्या बाजाराला जातू. भाऊ म्हनला, वाडीतली पोरं लावू कामाला. पोरांनी दगूड वाहून दिलं, पर बशिवलं ह्येंनीच. दुसऱ्याला बशिवता येत न्हाई म्हनं."

पट्टे एका फणसाला वळसा घालून वर गेले. घर दिसायला लागलं, सारवलेलं अंगण दिसायला लागलं, ओट्यावर खुर्चीत बसलेला म्हातारा भाऊ दिसायला लागला. आणि अंगणाच्या बऱ्याच अलीकडं पट्टे संपले. तिथं गाडी वळवायला जागा सपाट केलेली होती. पुढं अंगणापर्यंत साधी पायवाट. मला वाटलं, नाना दमले असतील, किंवा दिवाळी जवळ आली म्हणून काम राहून गेलं असेल.

"एवढं राहिलं वाटतं, काकी."

"ऱ्हायलं न्हाई," काकी म्हणाल्या. "मीच कवातरी बोलता बोलता म्हनले हुते त्यास्नी, म्हायेरात जायाचं तर पायानं जाईन. दारात गाडीतनं उतरायला मी काय पाव्हनी हाय?"

त्यांनी दार उघडलं. दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीला लावले, काठी रोवली, चौकट धरली आणि उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, अशा त्या पायवाटेनं चालायला लागल्या. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. वाडीतली माणसं दारादारांत उभी होती. ओट्यावरचा भाऊ खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. एक जणही पुढं झाला नाही. नानांनी त्यांना आधीच बजावून ठेवलं असणार.

काकी अंगणात पोचल्या. मी स्टेअरिंगवर हात ठेवून गाडीतच बसलो होतो. नानांची फार आठवण झाली. शेजारची सीट रिकामी होती, म्हणून मला रडता आलं.